मधे एक, भोवती सहा: ठिपक्यांची जाळी भिंतीवर, कापडावर आणि कानात

एक रुपयाचं नाणं टेबलावर ठेवा आणि भोवती तशीच नाणी मधल्याला चिकटवून लावत जा. बरोबर सहा बसतात. पाच लावली तर फट राहते, सातवं शिरत नाही. अंगणातली ‘मध्ये’ ठिपके देऊन, म्हणजे पुढच्या ओळीचा ठिपका मागच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध ठेवून काढलेली रांगोळी या एकाच गोष्टीवर उभी असते. ‘११ ते ६’ म्हणजे मधल्या ओळीत ११ ठिपके, मग वर आणि खाली १०, ९, ८, ७, ६. एकूण ठिपके ९१ आणि बाहेरचा आकार षटकोन. ‘१५ ते ८’ घेतलं तर ठिपके १६९.

या जाळीतून त्रिकोण, षटकोन, शंकरपाळीचा आकार आणि सहा टोकांची चांदणी असं सगळं निघतं. भिंत रंगवायची असो, उशीचा अभ्रा जोडायचा असो की कानातलं करायचं असो, आधी ही जाळी नीट आखा. भौमितिक नक्षी बिघडते ती बहुतेक वेळा रंगाच्या निवडीमुळे नाही, मोजमापामुळे बिघडते. फुलापानांच्या नक्षीत एक पान जरा वाकडं गेलं तर खपून जातं. त्रिकोणाच्या रांगेत एक टोक अर्धा सेंटिमीटर सरकलं तर नजर रोज तिथेच जाते.

एक प्रमाण पाठ करून ठेवा: ८ ला ७. शेजारच्या दोन ठिपक्यांत ८ सेंमी अंतर असेल तर दोन ओळींमध्ये ७ सेंमी. नेमका आकडा ०.८६६ आहे आणि ७ भागिले ८ म्हणजे ०.८७५. फरक एका टक्क्याचा, डोळ्याला न कळणारा. दोन्हीकडे सारखंच अंतर ठेवलं तर त्रिकोण उंच आणि काटकुळे होतात. जमिनीवरच्या रांगोळीत ते चालून जातं, कारण आपण ती उभ्याने, तिरकी बघतो. भिंत समोरून दिसते. तिथे हीच चूक लगेच उघडी पडते.

भिंत: आधी ती रंग धरते का ते बघा

बिछान्याच्या किंवा दिवाणाच्या मागची भिंत यासाठी सगळ्यात चांगली. टीव्हीच्या मागची घेऊ नका. हलत्या चित्रामागे कडक रेघा असल्या की डोळे थकतात. खोली १० बाय १० फुटांची असेल तर एकच भिंत घ्या आणि तीही पूर्ण भरू नका.

पावसाळ्यात हे काम काढू नका. मुंबई, कोकण, गोव्यात जून ते सप्टेंबर भिंती दमट असतात. रंग वाळायला वेळ लागतो आणि टेप काढताना त्याच्याबरोबर रंग निघून येतो. बाहेरच्या बाजूची भिंत असेल आणि खाली पोपडे सुटले असतील, तर आधी ओल बंद करा. ओलीवर काढलेली नक्षी एक हंगामही टिकत नाही.

मग टेपची परीक्षा. मास्किंग टेपचा १५ सेंमी तुकडा भिंतीवर घट्ट दाबून लावा आणि तासाभराने ओढा. टेपला पांढरी भुकटी लागली तर खाली चुना किंवा जुना डिस्टेंपर आहे, किंवा पुट्टी घासल्यावर पुसलेली नाही. अशा भिंतीला १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, ओल्या फडक्याने पुसा, प्रायमरचा एक हात द्या आणि मग मूळ रंगाचे दोन हात. मूळ रंग मॅट फिनिशचा घ्या. चकचकीत रंगावर टेपच्या कडेने उभी राहिलेली रंगाची किनार उजेडात दिसत राहते. मूळ रंग दिल्यावर किमान दोन दिवस थांबा. हाताला कोरडा लागणं आणि टेपचा ओढा सोसण्याइतका पक्का होणं यांत पुष्कळ फरक आहे.

मापं आणि आकडेमोड

समजा भिंत ३२७ सेंमी रुंद आणि २७८ सेंमी उंच आहे. नक्षी थेट कोपऱ्यापर्यंत नेऊ नका. चारही बाजूंना ५ सेंमी साधी पट्टी सोडा, लुगड्याला काठ असतो तशी. याचं कारण सौंदर्याइतकंच बांधकामाचं आहे. आपल्या घरांचं छत एका टोकाला सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर खाली असणं अगदी नेहमीचं. त्रिकोणांची टोकं छताला भिडवली तर एका बाजूला ती पूर्ण दिसतात आणि दुसऱ्या बाजूला कापलेली. काठ ठेवला की हा फरक काठाच्या रुंदीत मुरतो.

आता आतलं क्षेत्र उरलं ३१७ बाय २६८. त्रिकोणाची बाजू साधारण ३० सेंमी हवी असं धरू. ३१७ भागिले ३० म्हणजे १०.६, तर पूर्णांक १० घ्या. बाजू आली ३१.७ सेंमी. उंचीत ओळी किती? ८ ला ७ च्या हिशेबाने एका ओळीची उंची साडेसत्तावीसच्या आसपास हवी. २६८ ला १० ने भागलं तर २६.८ येते. नेमकी उंची २७.४५ असायला हवी होती, म्हणजे आपण जेमतेम अडीच टक्के बसके त्रिकोण घेतोय. त्यांचा पायाशी होणारा कोन ६० ऐवजी ५९.४ अंश भरतो. कोणालाही कळत नाही.

मापं आकाराप्रमाणे नव्हे, भिंतीप्रमाणे बदला. ‘३० म्हणजे ३०च’ असा हट्ट धरला तर शेवटी एका बाजूला अर्धवट पट्टी उरते आणि सगळं काम भिंतीवर उपरं दिसतं. तीन टक्क्यांपर्यंतचा ताण बेलाशक घ्या. पाच टक्क्यांच्या पुढे गेलात तर भागांची संख्या बदलून पुन्हा हिशेब करा.

आखणी

लागणारं सामान: स्टीलची मोजपट्टी, ओळंबा, लेव्हल (पारदर्शक नळीत पाणी भरून करतात ती उत्तम), सूत मारायची दोरी, साधा पांढरा खडू, एचबी पेन्सिल. दोरीला नीळ किंवा गेरू लावू नका. गवंडी लावतात, पण त्यांची भिंत नंतर झाकली जाते. इथे नीळ फिकट रंगातून वर येते आणि दोन हात मारूनही डाग राहतो.

आधी आतला आयत आखा. खालची रेघ फरशीवरून मोजून नव्हे, लेव्हलने घ्या. उभ्या रेघा ओळंब्याने. मग दोन्ही कर्ण मोजा. ३१७ बाय २६८ च्या आयताचा कर्ण ४१५.१ सेंमी येतो. दोन कर्णांत अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर पुढे जाऊ नका, आयतच दुरुस्त करा. सगळं काम या चार कोपऱ्यांवर तोललेलं आहे.

नंतर खुणा. मोजपट्टी एका टोकाला शून्यावर पक्की धरून ठेवा आणि एकदाच सगळ्या खुणा करा: ३१.७, ६३.४, ९५.१, १२६.८, १५८.५, १९०.२, २२१.९, २५३.६, २८५.३, ३१७. मागच्या खुणेपासून पुढची मोजत गेलात तर प्रत्येक वेळी एकेक सूत चूक होते (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे ३ मिमी) आणि दहाव्या खुणेपर्यंत ती तीन सेंटिमीटर होते. वरच्या आणि खालच्या रेघेवर कोपरे धरून अशा ११-११ खुणा. डाव्या-उजव्या रेघेवर कोपरे सोडून दर ५३.६ सेंमीवर, म्हणजे दर दोन ओळींनी एक.

भिंतीवर सगळे ११६ ठिपके मांडायची गरज नाही. कडेच्या खुणा जोडल्या की बाकीचे छेदनबिंदू आपोआप मिळतात. खालच्या रेघेवरचा डावा कोपरा ही शून्य क्रमांकाची खूण धरली तर ती वरच्या ५ क्रमांकाच्या खुणेला जोडा, १ ला ६, २ ला ७, ३ ला ८, ४ ला ९, ५ ला १०. खालची ६ नंबरची खूण उजव्या रेघेवरच्या सर्वांत वरच्या, म्हणजे खालून चौथ्या खुणेला, ७ नंबरची तिसऱ्या, ८ ची दुसऱ्या, ९ ची पहिल्या. डाव्या रेघेवरच्या खालून पहिल्या खुणेपासून वरच्या ४ क्रमांकाला, दुसऱ्यापासून ३ ला, तिसऱ्यापासून २ ला, चौथ्यापासून १ ला. झाल्या १४ तिरक्या रेघा. हेच आरशातल्यासारखं उलट बाजूने करा, आणखी १४. शेवटी दर २६.८ सेंमीवर ९ आडव्या. एकूण ३७ रेघा. दोन माणसं असतील तर तीन-चार तासांचं काम. एकाने दोरी धरायची, दुसऱ्याने ताणून सोडायची.

तपासणी सोपी आहे. प्रत्येक छेदनबिंदूत तीन रेघा एकाच ठिकाणी मिळायला हव्यात. मिळत नसतील आणि मधे छोटासा त्रिकोण दिसत असेल, तर त्या तिघींपैकी एक रेघ सरकली आहे. तिच्या दोन्ही टोकांच्या खुणा बघा. दोरी ढिली असली तर आडवी रेघ मधे खाली लोंबते, म्हणून मधोमध एक बोट टेकवून दोन्ही अर्धे वेगवेगळे मारा. आखणी पूर्ण झाली की कोरड्या फडक्याने खडूची जादा भुकटी झटका, नाहीतर टेप चिकटत नाही.

रंग कुठे द्यायचा

आता भिंतीवर १९० पूर्ण त्रिकोण आणि कडेला २० अर्धे आहेत. त्यांतले २५ ते ४० भरा, बाकीचे मूळ रंगात राहू द्या. आमच्या मते एका खालच्या कोपऱ्यात दाटी आणि वर जाताना विरळ होत जाणं सगळ्यात सुंदर दिसतं, आणि खोलीतलं सामान हलवलं तरी ते बिघडत नाही. मूळ रंग सोडून तीनपेक्षा जास्त रंग नकोत. पांढरा आणि गेरूचा लाल ही जोडी आपल्याकडे कधी फसत नाही. पालघरकडच्या वारली चित्रांत गेरू-मातीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्याने दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस उभा राहतो, आणि त्या दोन रंगांत अख्खं लग्न मावतं.

रंग विकत घेण्याआधी त्यांचे नमुने कागदावर लावून मोबाईलवर कृष्णधवल फोटो काढा. दोन रंग फोटोत सारखेच करडे दिसत असतील तर भिंतीवर ते लांबून एकमेकांत मिसळतील आणि त्रिकोणाची कड हरवेल. एक फिकट, एक मध्यम, एक गडद अशी पायरी हवी.

कागदावर जाळी छापून किंवा काढून आधी रंगवा. ज्या त्रिकोणात जो रंग, त्याचं अक्षर भिंतीवर त्या त्रिकोणाच्या मधे पेन्सिलीने लिहा. टेप लागल्यावर डोळे हमखास गोंधळतात.

टेप आणि रंगकाम

दोन पद्धती आहेत. एकीत शेजारचे रंग कडेला कड भिडवतात. ते देखणं दिसतं, पण एक रंग वाळून पक्का झाल्याशिवाय त्याच्यावर दुसऱ्यासाठी टेप लावता येत नाही, शिवाय टोकांवर टेप ब्लेडने कापावी लागते. तीन रंगांना आठवडा जातो. पहिल्यांदा करणाऱ्याने दुसरी घ्यावी: १२ मिमी रुंदीची टेप रेघेवर मध्य साधून लावायची आणि ती काढल्यावर मूळ रंगाची बारीक पट्टी तशीच ठेवायची. सगळे त्रिकोण सुटे होतात, तिन्ही रंग एकाच दिवशी देता येतात आणि आखणीतली एखाद-दुसरी मिलिमीटरची चूक त्या पट्टीत लपते.

टेप लावा ती ताणून नव्हे. ताणलेली टेप आकसते आणि टोकं उचलली जातात. सगळ्या ३७ रेघा टेपायच्या असतील तर सुमारे ९१ मीटर लागते, म्हणजे २० मीटरची पाच रिळं. निवडलेल्या त्रिकोणांभोवतीच लावायची असेल तर दोन-तीनमध्ये भागतं. टेपच्या कडा पुट्टीच्या पत्र्याने किंवा जुन्या एटीएम कार्डाने दाबून घ्या. कुठली टेप कुठल्या क्रमाने लावली ते लक्षात ठेवा, ते काढताना लागेल.

आता जी पायरी घाईत वगळली जाते ती: टेपच्या कडेवर आधी भिंतीच्या मूळ रंगाचा पातळ थर ब्रशने फिरवा आणि तास-दोन तास वाळू द्या. टेपखाली जिथे जिथे फट असेल तिथे हा रंग शिरतो आणि फट बंद होते. शिरला तरी तो मूळ रंगच असल्यामुळे दिसत नाही. त्यानंतर दिलेला गडद रंग आत जाऊच शकत नाही. ही पायरी न करता काढलेल्या कडा करवतीसारख्या येतात.

रंग चार इंची रोलरने द्या, ब्रशने नाही. ब्रशचे केस टेपखाली रंग ढकलतात. पाणी डब्यावर सांगितल्यापेक्षा जास्त घालू नका, पातळ रंग झिरपतो. दोन पातळ हात, मधे तीन-चार तास. १२ मिमी टेप धरून एका त्रिकोणाचं क्षेत्रफळ सुमारे ३७० चौरस सेंमी उरतं. २५ त्रिकोणांचे दोन हात म्हणजे १.८५ चौरस मीटर. एक लिटर इमल्शन एका हाताला १० ते १२ चौरस मीटर जातो असं धरलं तर २०० मिलिचा डबा पुरतो. गडद लाल किंवा पिवळ्याला मात्र तिसरा हात लागू शकतो, तेव्हा त्या रंगाचा मोठा डबा घ्या.

टेप दुसऱ्या हातानंतर अर्ध्या-पाऊण तासात, रंग पूर्ण कडक व्हायच्या आत काढा. शेवटी लावलेली पहिल्यांदा. भिंतीपासून सरळ बाहेर न ओढता स्वतःवरच दुमडून, तिरकी आणि सावकाश. रात्रभर विसरलात तर कडेने नव्या ब्लेडची हलकी रेघ मारा आणि मग ओढा, नाहीतर रंगाची साल टेपबरोबर येते. कुठे डाग गेलाच तर शून्य नंबरच्या ब्रशने मूळ रंग लावा. म्हणून मूळ रंग थोडा डब्यात शिल्लक ठेवावा. नंतर दुसऱ्या खेपेचा आणला तर छटा पुसटशी वेगळी निघते.

एक सूचना ठोकळ्यांच्या नक्षीबद्दल. तीन शंकरपाळ्या फिकट, मध्यम आणि गडद अशा रंगवल्या की भिंतीवर घनाकृती ठोकळे रचल्यासारखे दिसतात. पण वरच्यासारखी आडव्या रेघांची जाळी घेतली तर ठोकळे कुशीवर पडलेले येतात. ते उभे दिसायला हवे असतील तर जाळी पाव वळण फिरवा: आडव्या रेघांऐवजी उभ्या रेघा. मग माथ्याची शंकरपाळी सगळ्यात फिकट ठेवा. खिडकीकडची बाजू मध्यम आणि खिडकीपासून लांबची गडद. खोलीतला खरा उजेड आणि रंगवलेली सावली विरुद्ध बाजूंना पडली तर ठोकळे सपाट वाटतात.

कापड: षटकोनी तुकड्यांचा अभ्रा

गोधडी शिवणाऱ्या हातांना तुकडे जोडणं नवं नाही. षटकोनाच्या बाबतीत फरक इतकाच की प्रत्येक तुकडा आधी कागदावर मढवायचा. ४० सेंमीच्या चौकोनी उशीसाठी हिशेब असा: षटकोनाची बाजू ३ सेंमी. टोकापासून टोकापर्यंत ६ सेंमी, सपाट बाजूंमधलं अंतर ५.२ सेंमी. एका रांगेत ९ तुकडे आणि अशा १० रांगा, एकूण ९०. दातेरी कडा सोडून मधे सलग भाग ४४.२ बाय ४३.५ सेंमी मिळतो. तो ४२ बाय ४२ कापला की दोन्हीकडे एकेक सेंटिमीटर शिवणीला राहतो.

षटकोन आखायला कंपास पुरतो. ३ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा आणि कंपासचं माप न बदलता परिघावर पावलं टाकत जा. सहाव्या पावलाला सुरुवातीच्या खुणेवर येता. हा पहिला षटकोन जाड प्लास्टिकवर किंवा पत्र्यावर कापा आणि सगळे ९० कागद त्याच एका साच्यावरून काढा. एका कागदावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा असं केलं तर पेन्सिलीच्या जाडीने प्रत्येक कागद मोठा होत जातो. कागद पोस्टकार्डाइतका जाड हवा. वहीचा कागद दुमडतो आणि कोपरे बोथट होतात.

कापड सगळं सुती आणि साधारण एका जाडीचं घ्या. जुनी सुती साडी आणि नवा खण शेजारी आले तर खणाचा तुकडा साडीच्या तुकड्याला ओढतो. नवं कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. नाहीतर पहिल्या धुण्यात एकच रंग आटतो आणि अभ्रा फुगतो. प्रत्येक तुकड्याला ८ बाय ७ सेंमीचं कापड लागतं, कागदाबाहेर पाऊण सेंटिमीटर राहील असं. षटकोनाच्या दोन समोरासमोरच्या बाजू कापडाच्या उभ्या धाग्याला समांतर ठेवा आणि सगळ्या तुकड्यांत तशाच ठेवा. आडवेतिडवे कापले तर काही बाजू ताणल्या जातात आणि जोडताना सुरकुत्या पडतात.

कापड कागदावर दुमडून मोठ्या धावदोऱ्याने टाचा. मग दोन तुकडे सुलट बाजू आत करून समोरासमोर धरा आणि कडेवरून बारीक वेढे घालत शिवा, एका सेंटिमीटरला सहा. सुई कागदातून जाता कामा नये, घडीचे दोन-तीन धागेच उचलायचे. सुईने कागद पकडला तर नंतर तो निघत नाही, आणि ओढून काढला तर टाके सैल होतात. कागद काढायचा तो सहाही बाजू जोडल्यानंतर.

मांडणी करताना मधे एक, भोवती सहा, त्याभोवती बारा, मग अठरा. प्रत्येक वेढ्याला वेगळा रंग दिला की १९ तुकड्यांत पूर्ण फूल होतं. केंद्राभोवती पाच वेढे झाले की ९१ होतात. तीच आपली ‘११ ते ६’ची रांगोळी.

अंगावरचं कापड

चौकडीच्या किंवा खणाच्या कापडाचा ब्लाउज शिवताना रेघा शिवणीवर जुळल्या पाहिजेत. त्यासाठी कापड जास्त लागतं आणि किती ते मोजता येतं: नक्षी दर ५ सेंमीला परत येत असेल तर प्रत्येक मोठ्या तुकड्यामागे ५ सेंमी वाढवा. शिंप्याकडे देताना ‘पुढचे दोन भाग, पाठ आणि बाही जुळवून हवी’ हे स्पष्ट सांगा, कारण न सांगता ते बेतलं जात नाही. टक्सवर रेघा मोडणारच, तिथे जुळवायचा प्रयत्न सोडून द्या आणि पुढची बटणपट्टी व बगलेची शिवण जुळवा.

विदर्भातल्या करवतकाठी साडीत काठाचा रंग अंगाच्या रंगात करवतीच्या दात्यांसारखा शिरतो. असे टोकदार काठ असताना ब्लाउज साधा किंवा अगदी बारीक नक्षीचा घ्या. दोन वेगवेगळ्या मापांचे त्रिकोण जवळजवळ सारखे असले तर ते भांडतात. एक दुसऱ्याच्या निदान तिप्पट असावा.

कान: पितळेचे षटकोन आणि मोत्याची कुडी

पितळेचा ०.६ मिमी जाडीचा पत्रा घेऊन १५ मिमी बाजूचा भरीव षटकोन कापला तर त्याचं वजन सुमारे ३ ग्रॅम भरतं. कडेची ३ मिमी पट्टी ठेवून आतला भाग काढून टाकायचा असेल तर पत्रा ०.८ मिमीचा घ्या, पातळ पट्टी वाकते. तरी वजन जवळपास १.६ ग्रॅमच होतं. रोज घालायचं असेल तर कड्या आणि फासा (कानात अडकवायचा आकडा) धरून एका कानाला ५ ग्रॅमच्या आत राहा.

आकार कागदावर छापून पत्र्यावर चिकटवा, बारीक पात्याच्या सोनारी आरीने रेघेच्या बाहेरून कापा आणि रेघेपर्यंत कानशीने आणा. भोक आधी पाडायचं, कापणी नंतर, कारण लहान तुकडा ड्रिलखाली गरगर फिरतो आणि बोट कापतो. भोक १.२ मिमीचं, कडेपासून निदान भोकाएवढं अंतर सोडून. ते आकाराच्या मध्यरेषेवरच हवं. एक मिलिमीटर जरी बाजूला गेलं तरी षटकोन तिरका लटकतो, कारण त्याचा भारमध्य नेहमी भोकाच्या सरळ खाली येऊन थांबतो. टोकदार कोपरे मानेला आणि ओढणीला लागतात, म्हणून ते कानशीने अर्धा मिलिमीटर गोल करा. नंतर पॉलिश पेपर ४००, ६००, १००० या क्रमाने.

कडी घातल्यावर आकार पाव वळण घेतो. आरशात समोरून नुसती पत्र्याची कड दिसत असेल तर आणखी एक कडी घाला किंवा फाशाचं वेटोळं पक्कडीने पाव वळवा. कानात जाणारी तार पितळेची ठेवू नका, ९२.५ टक्के चांदीची घ्या. पितळ काळं पडलं की चिंचेच्या कोळाने घासा, पाण्याने धुवा आणि लगेच कोरडं करा, फटीत आंबट राहिलं तर हिरवं पडतं.

मोत्याची कुडी म्हणजे ठिपक्यांच्या जाळीचा सगळ्यात लहान तुकडा. मधला मोती आणि भोवतालचे सहा एकाच मापाचे असले की काहीही ताणावं लागत नाही. ४ मिमीचे मोती घेतले तर कुडी १२ मिमीची होते. घरी करायची असेल तर ०.३ मिमीची तार घ्या, सहा मोती ओवा, तार पहिल्या मोत्यातून पुन्हा काढून कडं आवळा, मग तारेचं एक टोक मधल्या मोत्यातून नेऊन समोरच्या दोन मोत्यांच्या फटीत बाहेर काढा आणि मागे पिळा. मोती ओवण्याआधी सातही एका रांगेत पट्टीवर ठेवून बघा. एक जरी ०.२ मिमीने मोठा असला तरी तो कड्यातून बाहेर येतो.

मधे मोत्याऐवजी माणिक किंवा मोठा खडा हवा असेल तर भोवतालची संख्या बदलते. ४ मिमीचे सात मोती बसायला मधला खडा ५.२ मिमीचा लागतो, आठ मोत्यांना ६.४५ मिमीचा. सराफाकडे मापाचा खडा मिळाला नाही तर किंचित मोठा घ्या, लहान नको. मोठ्या खड्याभोवती मोत्यांमध्ये केसाएवढी सारखी फट राहते आणि ती तारेने भरते. लहान घेतला तर शेवटचा मोती कड्यात मावतच नाही आणि सगळं पुन्हा उसवावं लागतं.